शेजारणीच्या दुखण्याबद्दल

मोतुलोआ बेट,
१४ मार्च १९९३

सेमिसीदादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. तुझ्या मेहुण्याने, फेलेतीने लावलेले यामचे कंद यंदा बरे आलेत, धाकटीला पुढचे दोन दात आलेत आणि ती दिसेल त्याला चावते. ऑकलंडहून परत आल्यापासून फेलेतीला इथलं काही गोड लागत नाही. नारळाच्या दुधातली टारोची पानं पुढे ठेवली तरी म्हणतो, तिकडे मटण कसं मिळायचं! म्हटलं, मग राहायचंस की तिथेच कारखान्यात, कशाला आलास माझं डोकं खायला!

आता खरं काम. वहिनी असती तर हे तिला लिहिलं असतं आणि तुला त्यातलं अक्षरही कळलं नसतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण अशा वेळी तिची फार आठवण येते. भावाबहिणीत हे बोलणं नाही, मला कळतं. तू बारा वर्षांचा झालास आणि झोपायला मुलांच्या खोपटात गेलास, तेव्हापासून आपण एका छपराखाली मोकळेपणाने हसलोसुद्धा नाही. पण तू एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या त्याच खोलीत बसतोस, जिच्या दाराशी माणसं तोंड लपवून उभी असतात. तेव्हा घटकाभर भाऊ नसल्यासारखा वाच. माझ्यासाठी विचारत नाहीये. माझी एक शेजारीण आहे, तिच्यासाठी.

तिला नको त्या जागी काहीतरी उगवलंय. आधी मक्याच्या दाण्याहून लहान एकच होतं, आता पाच-सहा झालेत. ओहोटीला खडकावर प्रवाळाचे बारीक तुरे दिसतात ना, तसे. दुखत नाहीत, खाज येते. विहिरीच्या पाण्याने झालं का? चटईवरून? तिच्या पोरींना होईल का? ती मरणार का? नवरा आठ महिने ऑकलंडला होता, डिसेंबरात परत आला. तिने जन्मात दुसऱ्या पुरुषाकडे बघितलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

बेटावर नर्स एकच, माझ्या नणंदबाई. ओफावन्संच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत कोंबड्यांनासुद्धा कळतं. नवऱ्याच्या घरच्यांना कळलं तर ते तिला माहेरी हाकलतील आणि पोरी ठेवून घेतील. ती रात्रंदिवस घाबरून असते, दादा. लवकर लिही.

लेसिएली

*

नुकुआलोफा,
२९ मार्च १९९३

लेसिएली,

तुझं पत्र मी दोनदा उघडलं आणि दोनदा मिटून ठेवलं. मग हॉस्पिटलात नेलं, पांढरा कोट घातला आणि टेबलाशी बसून वाचलं. शेजारीण बाई बिचारी अडचणीत आहे म्हणून उत्तर देतोय. तिला वाचून दाखव, आणि वाचताना आसपास कुणाचे भाऊ बसलेले नाहीत हे बघ.

तिला आधी सांग की ती मरत नाही. ही चामखीळ आहे. हातावर येते तिचीच चुलत बहीण, फक्त जागा वाईट निवडते. याचा एक विषाणू असतो. नवराबायकोच्या संगात कातडीला कातडी लागून तो जातो. विहीर, संडास, चटई, कपडे यांचा काही संबंध नाही. तिला म्हणावं, खुशाल सगळ्या बायकांत बसून चटया विण, पोरींना मांडीवर घे.

नवऱ्याचं म्हणशील तर, हा विषाणू अंगात शिरून महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. कित्येकांच्या अंगावर कधीच काही दिसत नाही आणि ते दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. ऑकलंडला काय झालं ते मला माहीत नाही, पण नुसत्या चामखिळीवरून कुणाचं पाप ते ठरत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी आधी भांडतात आणि मग औषध मागतात. भांडणाने एकाचीही चामखीळ गळालेली मी पाहिली नाही.

औषधं आहेत. एक तपकिरी द्रव आहे, तो आम्ही आठवड्यातून एकदा काडीने लावतो, चार तासांनी धुवायचा. बाई पोटुशी असेल तर तो अजिबात चालत नाही, बाळाला धोका असतो, म्हणून आधी हे विचार. आम्लाचा थेंब लावता येतो, तो पोटुशीलाही चालतो. मोठ्या असतील तर गोठवतात किंवा जाळून काढतात. यातल्या कशानेही विषाणू मरत नाही, नुसत्या गाठी जातात, आणि पुन्हा येऊ शकतात. पुष्कळ बायकांच्या वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, शरीरच त्यांना हुसकून लावतं. पण रक्त येत असेल, गाठ कडक किंवा काळी असेल, तर उशीर नको. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे विषाणू या चामखिळीवाल्यांहून वेगळे, पण भाऊबंदच आहेत आणि बरोबरीने हिंडतात. म्हणून तिने आतली तपासणीही करून घ्यावी.

घरी उपाय करायचे नाहीत. पपईचा चीक नाही, बॅटरीचं पाणी नाही, चुना तर मुळीच नाही. पांगाईच्या दवाखान्यात आता एक बाई डॉक्टर आहे. बोटीने तिकडे जायला सांग.

सेमिसी

*

मोतुलोआ,
२५ एप्रिल १९९३

दादा,

पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. 'मरत नाही' एवढं ऐकलं आणि ती चुलीशी बसून रडली. तुझे फार उपकार आहेत. पोटुशी नाही, रक्तही येत नाही.

पण चुना तिने आधीच लावला होता. केसांना लावतो तो, प्रवाळ भाजून केलेला. तिला वाटलं, डोक्यावरच्या उवा मरतात तर हेही मरेल. कातडी सोलून निघाली रे. चार दिवस तिला धड बसता आलं नाही. चटया विणायला बसलो की ती गुडघ्यांवर उभी राहून विणायची, बायकांना सांगितलं, खडकावर पडले. चामखिळी आहेत तशाच आहेत, भोवतीची जागा तेवढी भाजली.

पांगाईला जाणं होणार नाही. बेटावरून कुठलीही बाई दवाखान्यात निघाली की ओफावन्सं बरोबर असतातच, नर्सच आहेत त्या. डॉक्टरच्या खोलीतसुद्धा आत येऊन उभ्या राहतात.

आणखी एक झालंय. तुझं पत्र मी बायबलात ठेवलं होतं. रविवारी चर्चनंतर वन्सं आल्या, जेवल्या, आणि जाताना दोन चटया, डुकराचं एक पिल्लू आणि ते बायबल घेऊन गेल्या. भावाच्या घरातलं जे आवडेल ते बहिणीने उचलावं, आपल्यात तिला कोण विचारणार? फेलेतीने तर पिल्लू स्वतः खांद्यावर टाकून पोचवलं. मी दारात उभी राहून हसत होते.

त्यांनी अजून बायबल उघडलं नसेल, असं मी रोज स्वतःला सांगते. देवाची पुस्तकं लोक उघडतात तरी कुठे.

लेसिएली

*

नुकुआलोफा,
१० मे १९९३

लेसिएली,

चुना! मी शाई वाया घालवतो ती कुणासाठी? तुझ्या शेजारणीला माझ्या वतीने चांगली खडसाव. आता ती जागा साध्या पाण्याने धुवायची, कोरडी ठेवायची, सैल सुती कपडा घालायचा, आणखी काही लावायचं नाही. कातडी भरून येईपर्यंत नवऱ्याला दूर ठेवायचं. त्यानंतरही त्याला कंडोम वापरायला सांगावं. त्याने पूर्ण बचाव होत नाही, पण काही प्रमाणात होतो.

पत्र नणंदेकडे गेलं म्हणून तू एवढी का घाबरतेस? त्यात तुझं नाव फक्त वर आहे. दुखणं शेजारणीचं. घाबरायचं तर तिने घाबरावं. ओफाबाई नर्स आहेत, वाचलंच तर चार गोष्टी शिकतील.

तिचं नाव कळव, मी इथे केसपेपर काढून ठेवतो. ती कशीही करून नुकुआलोफापर्यंत आली की पुढचं आमच्या सिस्टर बघतील, मी खोलीत नसेन.

सेमिसी

*

मोतुलोआ,
२० जून १९९३

दादा,

वन्संनी बायबल उघडलं.

आमच्या घराच्या एका अंगाला समुद्र आहे, हे तू लग्नात पाहिलंयस. दुसऱ्या अंगाला एकच घर आहे, लिसिआतेचं. लिसिआते आणि फेलेती एकाच विमानाने ऑकलंडला गेले, एकाच कारखान्यात होते, एकाच दिवशी परत आले. लिसिआतेची बायको कालो. 'शेजारीण बाई', 'तिला सांग', असं तू पानभर लिहिलंयस. वन्संना आणखी काय हवं होतं?

गेल्याच्या आधीच्या मंगळवारी आम्ही चौदाजणी विणायला बसलो होतो. वन्सं आल्या आणि सगळ्यांसमोर कालोला म्हणाल्या, "तू ऊठ. तुझी चटई घेऊन घरी जा, आमच्या पानांना हात लावू नकोस." कालोला कळेचना. मग वन्संनी सगळं सांगितलं. मला एकदा वाटलं, तुझंच वाक्य बोलावं, चटईवरून होत नाही म्हणून. ओठांवर आलं होतं. मी गिळून टाकलं.

कालो आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा चाललीय. म्हणाली, "अगं लेसिएली, सांग ना ह्यांना! मी तुला असलं काही बोलले तरी का?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दादा, मी म्हटलं, "कुणाचं दुखणं ते मी कसं सांगू? विश्वासाने सांगितलेलं असतं."

तिचं हसणं तिथेच थांबलं. तिने आपली पानं गोळा केली आणि गेली.

गेले बारा दिवस तिच्याशी कुणी बोलत नाही. चर्चमध्ये तिचा बाक रिकामा असतो, ती एकटी मधोमध बसते. ती वन्संकडे जाऊन म्हणाली, "मला तपासा, काही दिसतंय का बघा." वन्सं म्हणाल्या, "दिसत नसलं तरी आत असतं, वर्षानुवर्षं लपून बसतं, डॉक्टरांनीच लिहिलंय." तुझंच पत्र तिला वाचून दाखवलं.

लिसिआते या पत्राच्याच बोटीने तुमच्याकडे येतोय. तुला भेटणार म्हणतो. त्याला काही सांगू नकोस. नाव मी तुला कधी कळवलेलं नाही, हे लक्षात ठेव. मी हात जोडते.

लेसिएली

*

नुकुआलोफा,
८ जुलै १९९३

लेसिएली,

तुझं पत्र मला उशिरा मिळालं. बोट सकाळी लागली, लिसिआते दुपारी माझ्या दारात होता आणि टपाल दुसऱ्या दिवशी वाटलं. पण झालं ते चांगलंच झालं, तू काळजी करू नकोस.

एरवी मी रोग्याचं नाव तोंडातून काढत नाही. पण त्याच्या हातात माझंच पत्र होतं आणि त्याने सरळ विचारलं, "ही बाई माझी बायको ना?" त्याला सगळं ठाऊकच आहे, मग खोटं बोलून त्या बिचारीचं औषध कशाला लांबवायचं, असा मी विचार केला. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. म्हटलं, "होय बाबा, पण तिचा काडीचाही दोष नाही. तू आठ महिने घराबाहेर होतास, आधी स्वतःच्या मनाला विचार. बायकोला घेऊन ये, दोघांनाही तपासतो." तासभर समजावलं. तो मान खाली घालून ऐकत होता. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

तू तिचं गुपित राखलंस, शाबास. ती नाही म्हणते ते स्वाभाविक आहे, सगळ्याच आधी नाही म्हणतात. कालोच्या नावाने केसपेपर काढलाय. पुढच्या बोटीने तो तिला आणेल.

या खोलीत इतकी वर्षं काढली, पण एक संसार वाचवल्याचं समाधान असं क्वचितच मिळतं.

सेमिसी

*

मोतुलोआ,
१ ऑगस्ट १९९३

सेमिसीदादा,

कालो गेली. लिसिआतेने परत आल्यावर चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की हॉस्पिटलने 'होय' म्हटलंय. तुझ्या तासभराच्या बोलण्यातलं एवढंच त्याने बेटावर आणलं. मारलं नाही तिला. एक ट्रंक दिली आणि तिच्या माहेरच्या बेटाकडे जाणाऱ्या नावेत बसवलं. पिसिला, तिची अडीच वर्षांची पोर, सासूने ठेवून घेतली. नाव लांब जाईपर्यंत पोर वाळूत बसून खेळत होती, मग तिने आईला हाक मारली.

आता जे लिहिते ते एका बाईने हॉस्पिटलला लिहिलेलं आहे असं समज. भाऊ म्हणून वाचवत नसेल तर पत्र दुसऱ्याच्या हातात दे. पण कुणीतरी वाचा.

ती शेजारीण मी आहे. पहिल्या पत्रापासून मीच आहे. कालोला काहीही झालेलं नाही, कधीच नव्हतं. चुना मी लावला. गुडघ्यांवर उभी राहून मी विणलं. पाठ धरलीय असं सांगून चार महिने फेलेतीपासून लांब झोपते ती मी.

मला वाटलं होतं, तुला कळेल. पहिल्या ओळीलाच कळेल आणि तू कळलं नाही असं दाखवशील, आपल्यात दाखवतात तसं. तुझी पत्रं वाचून मी म्हणायची, बघा, किती सांभाळून घेतो. तुला खरंच कळलं नव्हतं, हे मला तुझ्या गेल्या पत्रात 'केसपेपर काढलाय' वाचलं तेव्हा कळलं. मी ते पत्र हातात घेऊन वेड्यासारखी उभी राहिले.

चामखिळी अजून अंगावर आहेत. मी आत्ता उठून ओफावन्संकडे गेले आणि कपडा बाजूला केला तर एका मिनिटात सगळं मिटेल, कालो पुढच्या नावेने परत येईल. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा काहीतरी उसनं मागून परत आले. एकदा मीठ, एकदा सुई. मला तीन पोरी आहेत रे. मला नावेत बसवलं तर त्याही वाळूत बसतील.

तू लिही. लिसिआतेला लिही, वन्संना लिही की मी चुकलो, ती बाई कालो नव्हे. माझं नाव घ्यायचं असेल तर घे. तुझ्या हातून आलं तर मी सोसेन. स्वतःच्या हाताने मला ते करवत नाही.

लेसिएली

*

नुकुआलोफा,
१२ सप्टेंबर १९९३

लेसिएली,

उत्तराला उशीर झाला, इथे काम फार होतं.

तुझं पत्र बोटीत भिजून आलं. पहिल्या चार ओळी वाचता आल्या, पुढे शाई पसरली आहे. कालो माहेरी गेली एवढं समजलं. वाईट वाटलं. पुढे काय लिहिलं होतंस ते मला माहीत नाही आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आरोग्य खात्याची बोट मोतुलोआला येईल. तिच्यावर बाई डॉक्टर असतील. तपासणी बोटीवरच होते, बेटावरच्या नर्सनी आत येऊ नये असा नियम मी यंदा घालून घेतलाय. जिला जावंसं वाटेल तिने जावं. डॉक्टरांकडे आम्लाचं औषध आहे. चुन्याने भाजलेली जागा कुणाची असेल तर तीही दाखवावी.

मी खात्याकडे बदलीचा अर्ज दिला आहे. त्या खोलीत बसणं आता मला जमत नाही. वावाऊला जागा रिकामी आहे, लसटोचणीची.

पोरींना सांभाळ. यापुढे घरच्या गोष्टी लिहीत जा.

सेमिसी

*

मोतुलोआ,
२८ नोव्हेंबर १९९३

दादा,

घरच्याच गोष्टी लिहिते.

बोट आली. चौघीपाचजणींच्या मागे मीही चढले. डॉक्टर पोरसवदा होती, हात फार हलका. तिने बघितलं, दिवा जवळ आणला, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "कुठे आहेत? मला तर काहीच दिसत नाही. भाजल्याचा जुना डाग आहे, बस." म्हणाली, आपोआप गेल्या, असं होतं. आतल्या तपासणीचं काचेवर काहीतरी घेतलं, त्याचा निकाल येईल. मला म्हणाली, "अहो, आनंदाची गोष्ट आहे, रडताय काय!"

मी बोटीवरून उतरले ती सरळ ओफावन्संकडे गेले. या वेळी काही उसनं मागितलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, "वन्सं, ते पत्र माझ्यासाठी होतं. दुखणं मला होतं, कालोला नव्हतं." सगळं सांगितलं, चुन्यासकट. त्या म्हणाल्या, आडवी हो. त्यांनी स्वतः तपासलं. काही नाही सापडलं. मी तो डाग दाखवला. म्हणाल्या, "हा तर बाळंतपणाचा दिसतो."

मी म्हटलं, "तुम्हीच कालोला म्हणालात, दिसत नसलं तरी आत असतं!"

तर त्यांनी मला जवळ घेतलं आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, "किती गं तुझं मन मोठं! त्या पोरीचा कलंक स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालीस, तिला परत आणता यावं म्हणून. माझ्या भावाला केवढी बायको मिळालीय!" मी ओरडले, मी मुलांची शपथ घेतली. जितकी ओरडले तितक्या त्या जास्त रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विणताना सगळ्याजणींना सांगितलं आणि रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात. नाव घेतलं नाही, पण सगळं चर्च वळून माझ्याकडे बघत होतं. फेलेतीची छाती फुगली होती. त्याने ऑकलंडला काय केलं ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारायला गेले तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल, आणि माझं तर कुणी खरंच मानत नाही.

एक प्रश्न माझा मीच मला विचारत असते, तुलाही लिहिते. अंगावर होत्या तोवर मी दोनदा त्या दारातून परत आले आणि गेल्यावर मात्र धावत जाऊन सांगितलं. मी खरं सांगायला गेले होते, की कुणी खरं मानणार नाही हे ठाऊक होतं म्हणून गेले? मला ठरवता येत नाही.

लिसिआतेचं दुसरं लग्न जानेवारीत आहे. त्याच्या आईचे हातपाय चालत नाहीत, म्हणून पिसिला दिवसभर माझ्याकडेच असते. माझ्या पोरी मला आई म्हणतात, तेव्हा तीही म्हणते. मी तिला एकदाही अडवलेलं नाही.

परवा कालोच्या बेटाकडची नाव आली होती. नाववाला सांगत होता, तिच्याबद्दल असलं बोललं गेल्यामुळे तिचे भाऊ तिच्याबरोबर एका छपराखाली बसू शकत नाहीत. त्यांनी तिला मागे डुकरांच्या कुंपणापाशी खोपट बांधून दिलंय. जेवण दाराशी ठेवतात आणि हाक मारून निघून जातात. तिने माझ्यासाठी निरोप पाठवला होता. नाववाल्याने तो पाठ केला होता, सगळ्यांसमोर किनाऱ्यावर म्हणून दाखवला: "लेसिएलीला सांगा, माझ्या पोरीला सांभाळतेस, देव तुझं भलं करो. त्या दिवशी चौदाजणींत तू एकटीच माझ्याबद्दल वाईट बोलली नाहीस."

बायकांनी डोळे पुसले. मी पिसिलाला कडेवर घेऊन तिथेच उभी होते.

लेसिएली